साडेआठचे घड्याळ

— द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरात कुणाला वेळ विचारली तर "साडेआठ होत आले असतील" असे उत्तर येई. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, विचारली तर ते मनगट डोळ्यांजवळ नेऊन "आठ सव्वीस" म्हणत. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाला या दोन उत्तरांत फरक पडत नाही. एस.टी. तरी कुठे सव्वीस मिनिटांचा हिशेब ठेवून येते? पण आबांना त्या चार मिनिटांत इरले पांघरायचे, हातात काचेचे मापनपात्र घ्यायचे आणि चिखलातून पर्जन्यमापकापर्यंत पोहोचायचे असे. आठ तीसला बाटली बाहेर निघालीच पाहिजे. आबा एका सरकारी खात्यात पाऊस मोजणारे कर्मचारी होते. आधी रोजंदारीवर, मग कायम. पाऊस मोजणे हीही नोकरी असते, हे मी कॉलेजात आल्यावर मैत्रिणींना सांगितले तेव्हा त्या मोठमोठ्याने हसल्या. मीही हसले. हा लेख त्या हसण्याची थोडीफार भरपाई म्हणून लिहिते आहे.

विषय मात्र घड्याळांचा आहे. नेमके सांगायचे तर शास्त्रज्ञ आणि संशोधक-प्रवासी यांच्यासाठी तयार झालेल्या जुन्या मनगटी घड्याळांचा, आणि ती जमवणाऱ्या लोकांचा. आता कुणी म्हणेल, पाटणच्या रानातल्या मुलीचा या श्रीमंती छंदाशी संबंध काय? संबंध आला तो एका स्पीकरमुळे.

आबा गेल्यावर त्यांचे एच.एम.टी. 'जनता' घड्याळ अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आले. मी सांगलीला वसतिगृहात राहायला निघाले तेव्हा अण्णांनी ते माझ्या हातावर बांधले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, तेव्हा काहीतरी देणे भाग होते आणि देण्यासारखे तेवढेच होते. रोज सकाळी चावी द्यायची आणि वेळ लावून घ्यायची. दिवसाला चार-पाच मिनिटे ते मागे पडे, म्हातारे झाले आहे म्हणून मी बोलत नसे. एक दिवस मात्र ते एकदम पुढे पळू लागले. सकाळी लावावे तर दुपारच्या तासाला वीस मिनिटे पुढे! मराठीच्या तासाला मी सरांच्या आधी वही मिटू लागले, तेव्हा सरांनीही विचारले की बाई, घाई कसली?

गणपती पेठेतल्या एका जुन्या घड्याळदुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी झाकण उघडण्याच्या आधीच टेबलावरचे छोटे होकायंत्र घड्याळाजवळ सरकवले. सुई हलली. "कुठं ठेवतेस गं रात्री?" मी सांगितले, मैत्रिणीच्या स्पीकरवर. काका हसले. स्पीकरमध्ये चुंबक असतो. घड्याळाच्या पोटातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाळली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि चाक भराभर झोके घेऊ लागते. काकांनी घड्याळ एका डबीसारख्या यंत्रावरून दोनदा फिरवले, सुई स्थिर झाली. आजार गेला. पैसे घेतले वीस रुपये.

त्यांच्याकडे बसलेले एक गृहस्थ हे सारे पाहत होते. मिरजेचे निवृत्त अभियंते. ते म्हणाले, "मुली, याच एका आजारासाठी स्वित्झर्लंडमध्ये वेगळी घड्याळं निघाली होती, ठाऊक आहे?" मला कुठून ठाऊक असणार! त्या दिवशी मी पाऊण तास तिथे बसले आणि पुढच्या रविवारी मैत्रिणीला सोबत घेऊन त्यांच्या घरी त्यांचा संग्रह पाहायला गेले.

त्यांच्याकडून जे कळले आणि नंतर मी स्वतः वाचून पडताळले, ते थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रयोगशाळांत, वीजकेंद्रांत, रेडिओच्या कामात मोठमोठे चुंबक आणि विजेचे प्रवाह आले. तिथे काम करणाऱ्यांची मनगटी घड्याळे माझ्या घड्याळासारखी वेडी होऊ लागली. त्यावर उपाय असा की यंत्राभोवती मऊ लोखंडाची आतली पेटी बसवायची. चुंबकीय क्षेत्र त्या लोखंडातून वळसा घालून निघून जाते, आतल्या स्प्रिंगला शिवत नाही. आय.डब्ल्यू.सी. कंपनीने 1955 मध्ये 'इंजेनियर' नावाचे, रोलेक्सने 1956 मध्ये 'मिलगॉस' नावाचे आणि ओमेगाने 1957 मध्ये 'रेलमास्टर' नावाचे घड्याळ काढले, ते असे. मिल म्हणजे हजार, गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे माप. हजार गॉसपर्यंत टिकणारे, म्हणून मिलगॉस. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्राचे नाव या घड्याळाशी जोडले गेले आहे.

1957-58 हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून जगभर पाळले गेले, तेव्हा जेजर-लकूल्त्रने 'जिओफिजिक' नावाचे घड्याळ काढले. 1962 मध्ये फेवर-ल्यूबाने 'बिव्हूआक' काढले. त्याच्या पोटात हवेचा दाब मोजणारी धातूची पोकळ डबी असे. डोंगर चढत गेले की हवेचा दाब कमी होतो, डबी फुगते, तिच्याशी जोडलेला काटा सरकतो आणि तीन हजार मीटरपर्यंतची उंची दाखवतो. हवा पालटणार असली तरी हाच काटा हलतो. मनगटावर वायुभारमापक बांधायचा हा पहिलाच प्रयत्न. पुढे 1968 मध्ये त्याच कंपनीने पाण्याची खोली दाखवणारे 'बाथी' काढले. अभियंताकाकांकडे एक बिव्हूआक आहे. त्यांनी ते माझ्या हातात दिले तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, कारण ते पडले असते तर अण्णांना वर्षभर साखर कारखान्यात जास्तीची पाळी करावी लागली असती. फेवर-ल्यूबा हे नाव आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना नवे नाही. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत त्यांचा व्यापार होता, आणि गावाकडे लग्नात जावई या घड्याळासाठी रुसून बसल्याच्या गोष्टी आज्जी अजून सांगते. जावयाला मिळाले ते उंची दाखवणारे नव्हे, साधे! जावयाची उंची सासऱ्याने आपली आपण मोजायची.

चुंबकाची ही गोष्ट ऐकताना मला अलिबाग आठवले. भूगोलाच्या सरांनी एकदा सांगितले होते, की मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. मुंबईत विजेवर ट्राम चालवायचे ठरले. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेण्यात आली. तिथल्या इमारतीच्या बांधकामात लोखंड टाळले होते. ट्राम धावली 1907 मध्ये, पण शास्त्रज्ञ तीन वर्षे आधीच खाडीपलीकडे जाऊन बसले होते. नानाभाई मूस हे तेव्हा या वेधशाळेचे प्रमुख होते. शास्त्राची निकड म्हणजे काय, हे मला या एका स्थलांतरावरून जेवढे कळले, तेवढे घड्याळांच्या रंगीत जाहिरातींवरून कळले नाही.

आणि माझे भांडण आहे ते इथेच. ही घड्याळे जमवणाऱ्यांच्या बोलण्यात 'शास्त्रज्ञांचे घड्याळ' आणि 'संशोधकाचे घड्याळ' हे शब्द फार सैल वापरले जातात. कंपनीने जाहिरातीत शास्त्रज्ञ म्हटले की झाले ते शास्त्रज्ञाचे. प्रत्यक्षात यांतली किती घड्याळे प्रयोगशाळेत गेली आणि किती डॉक्टरांच्या, व्यापाऱ्यांच्या हातावर बसून चहा प्यायला गेली? पहिले मिलगॉस तर फारसे खपलेच नाही. खपले नाही म्हणून ते दुर्मीळ झाले आणि दुर्मीळ झाले म्हणून आज त्याला लाखोंनी किंमत येते. म्हणजे ज्या घड्याळाचा कुणाला फार उपयोग झाला नाही ते सर्वांत महाग! संग्राहकांच्या जगातला हा न्याय मला अजून पचलेला नाही.

एव्हरेस्टचेच उदाहरण घ्या. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले. त्याच वर्षी रोलेक्सने 'एक्स्प्लोरर' हे घड्याळ बाजारात आणले आणि एव्हरेस्टचे नाव त्याला कायमचे चिकटले. पण हिलरींच्या हातावर त्या मोहिमेत होते ते स्मिथ्स या इंग्रज कंपनीचे घड्याळ. लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील घड्याळजींच्या दालनात ते आज ठेवले आहे. लोकांना मात्र रोलेक्सच ठाऊक. आणि चंद्राचे? 1969 मध्ये ऑल्ड्रिनने चंद्रावर वापरलेले ओमेगा स्पीडमास्टर पुढे संग्रहालयाकडे पाठवताना वाटेतच हरवले. जमवणारे लोक त्याच्यासारखे दिसणारे दुसरे विकत घेतात. म्हणजे जे खरे चंद्रावर चालले ते कुणाकडेच नाही, आणि जे कुठेही गेले नाही ते सगळ्यांकडे आहे.

मी हे सारे अभियंताकाकांना तोंडावर बोलले. वयाने एवढी लहान मुलगी असे बोलते म्हणून त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "मग तुझ्या मते शास्त्रज्ञाचं घड्याळ कोणतं?" मी हात पुढे केला. काकांनी चष्मा लावून माझ्या मनगटाकडे पाहिले आणि सौजन्याने म्हणाले, "हे जनता आहे."

हो, जनता आहे. बंगळूरच्या हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने 1961 मध्ये घड्याळांचा कारखाना काढला, त्यातले हे हाताने चावी देण्याचे सतरा ज्वेलचे घड्याळ. तासाला अठरा हजार ठोके. ते चुंबकापासून वाचत नाही, पाण्यापासून वाचत नाही, उंची दाखवत नाही. 2016 मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचे ठरवले, तेव्हापासून मात्र ते जमवणारेही निघाले आहेत. आबांनी ते 1974 मध्ये कऱ्हाडला घेतले. साहेबांनी सांगितले होते, नोंद आठ तीसला झाली पाहिजे, आणि आबांना वेळ कळत होती ती कोंबड्यावरून नि सावलीवरून. आमच्याकडे जून ते सप्टेंबर सावली पडतच नाही. म्हणून घड्याळ. आज्जीच्या मंगळसूत्रातले दोन मणी त्यासाठी गेले, असे आज्जी म्हणते. आबा शेवटपर्यंत ते कबूल करत नव्हते.

आठ तीसच का, हे आबांना कुणी सांगितले नव्हते. मला सरांनी सांगितले. ग्रिनिचच्या वेळेने तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. ठरलेल्या ठोक्याला जगभर हवामानाच्या नोंदी होतात आणि आपल्या देशात चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. एकाने आठला मोजला आणि दुसऱ्याने नवाला, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यात एका तासात पन्नास-साठ मिलिमीटर सहज पडतो. तो तास कालच्या खात्यावर जमा करायचा की आजच्या, हे ठरवते मनगटावरचे घड्याळ.

सांगलीकरांना वाटेल, कोयनेतल्या एका बाटलीचे एवढे काय कौतुक? पावसाळ्यात आपण सारे रोज वर्तमानपत्रात काय शोधतो? कोयना इतके, नवजा इतके, महाबळेश्वर इतके मिलिमीटर. धरणात किती टी.एम.सी. आणि विसर्ग किती. मग आयर्विन पुलापाशी किती फूट. कोयनेच्या धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे 892 चौरस किलोमीटर आहे. त्यावर सरासरी एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे 89 कोटी लिटर पाणी पडले. शंभर मिलिमीटर पडला आणि तो सगळा वाहून आला तर धरणात तीन टी.एम.सी.हून अधिक भर. धरणाची क्षमता 105 टी.एम.सी.च्या थोडी वर. दरवाजे केव्हा नि किती उचलायचे, याचे गणित या आकड्यांवर चालते. ते पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि खाली सांगलीला येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन फुटांच्या घरात गेले होते. धोक्याची पातळी पंचेचाळीस. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणींची घरे तेव्हा पाण्यात होती. पूर एका आकड्याने आला नाही आणि एका आकड्याने टळलाही नसता, हे मला समजते. पण त्या गणितातली पहिली संख्या कुणीतरी इरले पांघरून, गुडघाभर चिखलात उभे राहून लिहिलेली असते. ती चुकली तर पुढचे सगळे हिशेब तेवढेच चुकतात.

वेळेची किंमत आमच्या खोऱ्याला आणखी एका गोष्टीने शिकवली आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर मोडून पडले. आज्जी तेव्हा नवी नवरी होती. तिला वेळ आठवत नाही, गोठ्यातला आवाज आठवतो. भूकंपाची जागा शोधताना वेगवेगळ्या केंद्रांवर लाट कोणत्या क्षणी पोहोचली ते जुळवून पाहतात. पहिली लाट खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. एखाद्या केंद्राचे घड्याळ एक सेकंद चुकले, तर त्या केंद्राचा हिशेब सहा किलोमीटर चुकला, म्हणजे भूकंप एका गावातून उचलून दुसऱ्या गावात ठेवला! आज कऱ्हाडजवळ हजारमाचीला भूगर्भाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. अणुघड्याळाची वेळ आता उपग्रहावरून येते. आबांना मात्र वेळ यायची ती आकाशवाणीवरून. बातम्यांच्या आधी पीं-पीं वाजले की शेवटच्या ठोक्याला ते चावी आत ढकलत. त्या वेळी घरात कुणी बोलले तर शिवी मिळे. मी लहानपणी समजत असे की तो देवपूजेतलाच एखादा विधी आहे.

आता मुख्य गोष्ट. एका वर्षी जुलैत आबांनी एका दिवसाचा पाऊस 287 मिलिमीटर लिहिला. शेजारच्या केंद्राचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. वरच्या साहेबांनी खुलासा मागवला. घरी बसून आकडा लिहिला काय? दोन दिवसांचा पाऊस एकदम मोजला काय? घड्याळ बंद होते काय? आबा चौथी शिकलेले. खुलासा शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतला. त्यात एवढेच होते, की मी आठ तीसला मोजले, त्याआधी रात्रीतून बाटली भरून वाहू नये म्हणून दोन वेळा उठून मोजले, तिन्ही मापे मिळून 287 होतात. खुलासा पोहोचला की नाही कळले नाही. नोंदवहीत मात्र लाल शाईने आकडा खोडून दुसरा लिहिला गेला. डोंगराच्या एका अंगाला मुसळधार आणि दुसऱ्या अंगाला रिपरिप, हे आमच्याकडे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही माहीत असते.

त्या दिवसापासून आबांनी घरी स्वतःची वेगळी वही ठेवली. साध्या शाळकरी वह्या. तारीख, वेळ, मिलिमीटर. जिथे रात्री उठले तिथे रात्रीची वेळही: 11.40, 3.15. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांतही रोज ओळ आहे: 8.30, 0.0. मी एकदा विचारले होते, पाऊसच नाही तर लिहायचे कशाला? ते म्हणाले, "न्हाय पडला ह्ये कुणीतरी बघितलं पायजे का न्हाय?" निवृत्त झाले तेव्हा सतरा वह्या होत्या. तीन वाळवीने खाल्ल्या. चौदा आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर येताना मी त्यातली एक वही अभियंताकाकांना दाखवायला आणली. त्यांनी ती पाने फार वेळ उलटली. मग म्हणाले, "घड्याळाला कुणी हजार देणार नाही. पण घड्याळ आणि चौदा वह्या मिळून मी दहा हजार देतो. माझ्या बिव्हूआकने कधी डोंगर पाहिला की नाही मला ठाऊक नाही. हे कुठं होतं ते तारीखवार लिहिलेलं आहे."

दहा हजार म्हणजे माझी दोन सत्रांची खानावळ. मी हे अण्णांना फोनवर सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुजं तू बघ. वह्या वाळवीनं खायाच्या, त्यापरीस..." वाक्य पुरे केले नाही. आईचे मत स्वच्छ होते: द्यावे. तिने आयुष्यभर भावनेपेक्षा बाजार जास्त पाहिला आहे आणि ती चुकीची आहे असे मी म्हणू शकत नाही. धाकट्या भावाची अकरावीची फी भरायची आहे.

मी दिले नाही. यात काही थोरवी नाही. पुढच्या वर्षी खानावळ थकली तर कदाचित देईनही. पण तूर्त काकांना मी एवढेच म्हटले की वह्यांची छायाचित्रे काढून घ्या आणि ठेवा, घड्याळ माझ्याकडे राहू द्या. त्यांनी चार रविवार लावून प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले आणि एक संच भूगोलाच्या सरांना दिला. पैशाचे नाव पुन्हा काढले नाही. संग्राहकांबद्दल मी वर जे कडवट लिहिले आहे, त्यातून हे काका वजा करावेत, ही विनंती.

बाकीच्यांना मात्र माझे म्हणणे आहेच. जुनी घड्याळे जमवणे हा वाईट छंद नाही. फेकून द्यायच्या वस्तूतले यंत्र कुणीतरी जपते, हे चांगलेच. पण घड्याळ घेताना ते कुणाच्या हातावर होते आणि त्याने त्या वेळेचे काय केले, हे विचारा. दोन ओळी लिहून डबीत ठेवा. रेल्वेच्या केबिनमधला माणूस, दवाखान्यात नाडी मोजणारी परिचारिका, नदीच्या पुलावर पाण्याची पट्टी वाचणारा चौकीदार, यांची घड्याळे कंपनीने कधी शास्त्रज्ञांची म्हणून विकली नाहीत. शास्त्राचे रोजचे काम त्यांच्यावर झाले आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत अशी किती घड्याळे खुंटीला बंद पडून लटकत असतील!

आणि कृपा करून डायल रंगवू नका. गणपती पेठेतल्या काकांना एक फिरता व्यापारी माझ्यासमोर म्हणाला, "पोरीचं जनता मला द्या, डायल निळी-लाल करतो, बाहेरच्या देशात जातंय." असे रंगवलेले, तीन घड्याळांचे भाग एकात बसवलेले माल परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. आबांच्या घड्याळाच्या डायलवर सहाच्या आकड्याजवळ तपकिरी डाग आहे. पाणी आत गेले होते. कोणत्या रात्री गेले तेही वहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशीच्या ओळीत वेळेपुढे लिहिले आहे, "घड्याळ बंद, गुरुजींचे घड्याळ". तो डाग खरवडून वर निळा रंग द्यायचा म्हणजे साहेबांनी लाल शाईने केले तेच पुन्हा करायचे.

आमच्या एका प्राध्यापकांनी या लेखाचा कच्चा खर्डा वाचून हरकत घेतली, की आजोबा शास्त्रज्ञ नव्हते, ते सांगितलेले काम करणारे कर्मचारी होते, शब्द ताणू नये. हरकत बरोबर आहे. आबांनी कोणता सिद्धांत मांडला नाही. आठ तीसचा अर्थही त्यांना कळलेला नव्हता. पण मग शास्त्रज्ञाच्या हाती आलेला 287 हा आकडा कुणाचा? आणि लाल शाईतला कुणाचा? मी सरांना उलट प्रश्न केला नाही, इथे लिहिते आहे. वार्षिकांकात तेवढी मोकळीक असते असे समजते.

जाता जाता एक. आपल्या कॉलेजच्या मागच्या अंगणात, सायकल स्टँडच्या भिंतीपाशी, कुंपणाच्या आत एक पर्जन्यमापक आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो सर्वांना दाखवतात, बाकी वर्षभर त्याकडे कुणी फिरकत नाही. मी सरांची परवानगी घेऊन नरसाळे उघडले, तर आत बाटलीत कोळ्याचे जाळे आणि बाभळीचा पाला. ते धुऊन पुसून ठेवले. मापनपात्र प्रयोगशाळेच्या कपाटात सापडले. पहिल्या वर्गाला तास नऊला असतो, तेव्हा साडेआठला येणे मला जमते. सुट्टीच्या दिवशी वसतिगृहातली माझी मैत्रीण येते. तिच्याकडे मोबाईल आहे, पण ती माझ्याकडून घड्याळ मागून घेते, आणि आता ते स्पीकरवर ठेवत नाही. आणखी कुणाला यायचे असेल तर यावे, वही भूगोल विभागात ठेवली आहे. पहिल्या पानावरची पहिली ओळ: 8.30, 0.0.